हाकेला ओ देणारे श्री तुकोबाराय



दर्शन आटोपून भाविक मंडळी सभामंडपात घटकाभर टेकतात, मग कार्यालयात येऊन पावती करतात, प्रसाद घेतात आणि जाता जाता दोन शब्द मनातले बोलतात. कार्यालयाच्या टेबलामागे बसून असे बोलणे ऐकण्याचा योग प्रस्तुत लेखकास अनेक वर्षे लाभला आहे. त्यात एक सूर वारंवार कानी येतो. वारीला एकदा चालत जायचे आहे, पण मुलीचे लग्न व्हायचे आहे. रोज नामस्मरणास बसावेसे वाटते, पण दुकान एकट्याच्या अंगावर आहे. भजनात उभे राहावेसे वाटते, पण आवाज बरा नाही, शास्त्राचे ज्ञान नाही, लोक काय म्हणतील? कर्ज फिटले की, निवृत्ती झाली की, तब्येत सुधारली की मग पाहू. ही कारणे सांगणारी माणसे खोटे बोलत नसतात. प्रपंचातील अडचणी खऱ्याच असतात. परंतु एक अडचण सरते तोच दुसरी उभी राहते, आणि देवाची हाक ऐकू येऊनही माणूस उंबरठ्याच्या आतच राहतो.

या विचाराने पुस्तिकेच्या या भागात जगद्गुरू श्री संत तुकाराम महाराजांचे चरित्र संक्षेपाने देत आहोत. महाराजांची कथा महाराष्ट्रास नवी नाही. तथापि, ज्या अडचणी आपण सांगतो त्या सर्वच्या सर्व त्यांच्याही वाट्यास आल्या होत्या, किंबहुना कितीतरी अधिक तीव्रतेने आल्या होत्या, या दृष्टीने हे चरित्र पुन्हा पाहण्यासारखे आहे. संतमंडळींनी आग्रहाने विचारल्यावरून महाराजांनी आपला जीवनवृत्तांत एका अभंगात थोडक्यात सांगून ठेवला आहे. स्वतःविषयी बोलू नये, परंतु संतांचा शब्द मोडवत नाही, अशा संकोचानेच त्याचा आरंभ होतो. पुढील कथनाचा मुख्य आधार तोच आहे. जो भाग परंपरेने आणि संतचरित्रकार महिपती यांच्या ग्रंथांतून आला आहे, तेथे तसे नमूद केले आहे.

देहूचे मोरे घराणे

पुण्याजवळ इंद्रायणीच्या काठी देहू हे गाव आहे. तेथील मोरे घराण्यात महाराजांचा जन्म झाला. जन्मशकाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, परंतु शके 1530, म्हणजे इ.स. 1608, हे वर्ष सर्वसाधारणपणे मानले जाते. वडिलांचे नाव बोल्होबा व मातोश्रींचे नाव कनकाई. थोरले बंधू सावजी आणि धाकटे कान्होबा. घरात शेती होती, व्यापार होता, सावकारी होती आणि गावची महाजनकी होती. म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी आणि मानाचे होते.

विठ्ठलभक्ती या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. पूर्वज विश्वंभरबुवा हे पंढरीचे निष्ठावंत वारकरी होते. त्यांना आंब्याच्या वनात विठ्ठल-रखुमाईच्या मूर्ती सापडल्या आणि त्यांनी देहूत देऊळ बांधले, अशी परंपरा आहे. त्यामुळे देव तुकोबांच्या घरी बाहेरून आला नव्हता. तो कुळाचाच होता. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरीही असेच असते. देव्हारा असतो, वारीची परंपरा असते, आजोबांच्या हातची वीणा भिंतीला टांगलेली असते. देव घरातच असतो आणि तरीही त्याची हाक स्वतःच्या कानाने ऐकण्याची वेळ यावी लागते.

संकटांची रांग

थोरले बंधू सावजी मुळापासून विरक्त वृत्तीचे, म्हणून प्रपंचाचा भार लहान वयातच तुकोबांवर आला. त्यांचे दोन विवाह झाले. पहिल्या पत्नी रखुमाबाई यांस दम्याचा विकार होता. दुसऱ्या पत्नी जिजाबाई या पुण्याचे सावकार अप्पाजी गुळवे यांच्या कन्या. प्रथम काही वर्षे व्यवहार सुरळीत चालला. परंपरेनुसार महाराजांचे वय सतरा-अठराच्या सुमारास असताना आईवडिलांचे छत्र हरपले. पाठोपाठ थोरल्या भावजयीचे निधन झाले आणि सावजी घर सोडून तीर्थाटनास निघून गेले.

त्यानंतर इ.स. 1630 च्या सुमारास दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. पाऊस गेला, धान्य गेले, गुरे गेली, गावेच्या गावे ओस पडली. त्या काळच्या कागदपत्रांत आणि परदेशी प्रवाशांच्या लेखनातही या दुष्काळाच्या भयंकर आठवणी नमूद आहेत. मोरे यांचा व्यापार बसला, उधारी बुडाली, दिवाळे निघाले. गावात ज्यांच्या शब्दाला मोल होते, त्यांची पत गेली. रखुमाबाई अन्नासाठी तळमळत गेल्या आणि त्यांच्यामागून लहानगा मुलगा संतोबाही गेला.

महाराजांनी या प्रसंगाचे वर्णन करताना कोठेही अतिशयोक्ती केलेली नाही. पैसा आटला, मान गेला, पत्नी अन्न अन्न करीत गेली, एवढेच त्यांनी सांगितले आहे. मात्र त्यापुढे ते एक गोष्ट कबूल करतात, आणि ती वाचकांनी विशेष लक्षात घ्यावी. त्यांना लाज वाटू लागली होती. दुःखापेक्षाही लाज माणसाला अधिक घरात कोंडते. दिवाळे निघालेल्या माणसाला बाजारातून चालताना प्रत्येक नजर आपल्यावर रोखलेली वाटते. पुढील सर्व चरित्रात महाराजांचा खरा झगडा या लाजेशी आहे, असे म्हणता येईल.

भामनाथाचा डोंगर आणि इंद्रायणीचा काठ

अशा मनःस्थितीत तुकोबा गावाजवळच्या भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसले. अन्नपाण्याची पर्वा न करता त्यांनी विठ्ठलाचे चिंतन आरंभिले. पंधरा दिवसांत आपणास साक्षात्कार झाला, असे त्यांनीच सांगितले आहे. धाकटे बंधू कान्होबा त्यांना शोधत शोधत डोंगरावर पोहोचले आणि दोघे भाऊ इंद्रायणीच्या काठी आले.

येथे जे घडले ते परंपरेने भक्तिभावाने जपले आहे. महाराजांनी घरातील कर्जखते आणवली. लोकांकडून येणे असलेल्या रकमांची ती खते होती. तीच आता घराची उरलीसुरली मालमत्ता होती. आपल्या वाट्याची खते पाण्यात सोडण्याचा त्यांचा निश्चय होता. परंतु कान्होबांचाही संसार होता. म्हणून त्यांनी खतांचे दोन भाग केले. अर्धा भाग कान्होबांच्या हवाली केला आणि स्वतःचा अर्धा भाग इंद्रायणीत सोडून दिला.

या प्रसंगात केवळ वैराग्य नाही, न्यायबुद्धीही आहे. परमार्थाच्या नावाखाली भावाचा हक्क बुडविण्याचा विचार त्यांना शिवला नाही. जे सोडले ते स्वतःचे सोडले. दुष्काळाने नागवलेल्या कुळांच्या डोक्यावरील ऋण त्या दिवशी उतरले. दानधर्म करणाऱ्या आजच्या भाविकांनीही हा विवेक मनात ठेवावा. आपल्या वाट्याचे द्यावे, दुसऱ्याच्या वाट्याचे देऊन पुण्य मिळत नाही.

पडलेले देऊळ

डोंगरावर साक्षात्कार झालेला पुरुष पुढे काय करील? तो वनात राहील, तीर्थाटनास निघेल, संन्यास घेईल, असे कोणासही वाटेल. थोरल्या बंधूंनी तोच मार्ग धरला होता. तुकोबांनाही तो मोकळा होता, आणि खरे तर सोपाही होता. जेथे आपले दिवाळे कोणास ठाऊक नाही, तेथे भगवी वस्त्रे नेसून सन्मानाने राहता आले असते. परंतु तुकोबा देहूस परत आले. जेथे मान गेला होता त्याच गावात, ज्यांनी हसू केले होते त्याच लोकांत ते येऊन राहिले.

आणि त्यांनी पहिले काम हाती घेतले ते देवळाचे. विश्वंभरबुवांनी बांधलेले विठ्ठलाचे देऊळ मोडकळीस आले होते. ते दुरुस्त करावे असे त्यांच्या मनाने घेतले. जीर्णोद्धार म्हटला की आज आपल्यासमोर अंदाजपत्रक, देणगीदारांची यादी आणि ठेकेदार उभा राहतो. तुकोबांपाशी यापैकी काही नव्हते. महिपती सांगतात की त्यांनी स्वतः दगड वाहिले, माती कालवली आणि भिंती उभ्या केल्या.

एखाद्याने म्हटले असते की घर पडले आहे, ते आधी सावरावे, मग देऊळ पाहावे. हे म्हणणे चुकीचे ठरले नसते. पैसा नाही, मनुष्यबळ नाही, प्रतिष्ठा नाही, या सबबी तर शंभर टक्के खऱ्या होत्या. पण त्या संपेपर्यंत थांबायचे ठरवले असते तर देऊळ आणि तुकोबा दोघेही तसेच पडून राहिले असते. जे हाताशी होते, म्हणजे स्वतःचे दोन हात, तेवढ्यावर त्यांनी आरंभ केला.

ध्रुपद धरणारे तुकोबा

देऊळ उभे राहिले आणि एकादशीच्या रात्री तेथे कीर्तन सुरू झाले. पण कीर्तन करणे म्हणजे काय, हे तुकोबांना कोठे येत होते? ते वाण्याच्या पेढीवर वाढलेले. जातीने आपण शूद्र आणि व्यवसायाने वैश्य, असे ते स्वतःच सांगतात. वेदाध्ययनाचा अधिकार त्या काळच्या रूढीने त्यांना नव्हता. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आरंभी आपले चित्त अभ्यासात नव्हतेच, अशी स्पष्ट कबुली त्यांनी दिली आहे. जगद्गुरू म्हणून ज्यांना सारा महाराष्ट्र वंदन करतो, त्यांचे मनही पहिल्या दिवशी भजनात रमत नव्हते, हे वाचून सामान्य भाविकास केवढा धीर येतो!

मग त्यांनी काय केले? संतांची काही वचने श्रद्धेने पाठ केली. जे जाणते पुढे उभे राहून गात, त्यांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले. ध्रुपद म्हणजे अभंगाचे पालुपद. ते धरणाऱ्यास फारसे कौशल्य लागत नाही, पण आपण पुढचा नसून मागचा आहोत, हे मान्य करावे लागते. गावच्या महाजनाचा मुलगा टाळकऱ्यांच्या मागे उभा राहून पालुपद म्हणू लागला. संतांच्या चरणांचे तीर्थ घेतले, अंगमेहनतीने ज्याला जो उपकार करता येईल तो केला, आणि मनात लाज येऊ दिली नाही.

ज्या लाजेने त्यांना दिवाळ्याच्या दिवसांत ग्रासले होते, तिचा उल्लेख त्यांनी येथे पुन्हा केला आहे. मात्र आता ती त्यांच्यावर राज्य करीत नव्हती. आप्तेष्टांनी समजावले, पण ते त्यांनी मानले नाही. खरे काय आणि खोटे काय याला स्वतःच्या मनाची साक्ष काढली, बहुमत पाहिले नाही. देहूजवळच्या भंडारा डोंगरावर एकांतात बसून ज्ञानेश्वर, एकनाथ, नामदेव यांच्या ग्रंथांचा त्यांनी अभ्यास केला, असे परंपरा सांगते. हळूहळू मागे उभा असलेला स्वर पुढे येऊ लागला.

जिजाबाईंची बाजू

या कथेत जिजाबाईंचे स्मरण केल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. लोककथांनी त्यांना कजाग ठरविले. पण त्यांच्या ठिकाणी स्वतःस ठेवून पाहावे. सावकाराच्या घरची मुलगी, पदरात मुले, घरात दाणा नाही, आणि पती मिळालेले धान्य किंवा पैसा दारी आलेल्या गरजवंतास देऊन मोकळे होतात. जिजाबाईंनी कर्ज काढून पतीस व्यापारासाठी भांडवल मिळवून दिले आणि व्यापारात झालेली प्राप्ती महाराजांनी परतताना एका ऋणाने गांजलेल्या माणसास देऊन टाकली, अशी कथा महिपतींनी दिली आहे. अशा स्त्रीच्या तोंडून कठोर शब्द गेले तर नवल नाही.

जिजाबाईंच्या तक्रारी महाराजांनी स्वतःच आपल्या अभंगांत नोंदवून ठेवल्या आहेत. त्या लपविल्या नाहीत. आणि तोंडाने बोलणाऱ्या याच जिजाबाई पती जेवल्याखेरीज स्वतः जेवत नसत. भाकरी बांधून भंडाऱ्याच्या डोंगरावर उन्हातून त्यांना शोधत जात. पायात काटा रुतला असता प्रत्यक्ष पांडुरंगाने तो काढला, अशी भाविकांची श्रद्धा आहे. देवाच्या हाकेला एकजण ओ देतो तेव्हा त्याची किंमत घरातील दुसऱ्या कोणीतरीही मोजलेली असते. सेवेस लागणाऱ्या प्रत्येकाने घरातील त्या माणसाचे ऋण मानावे. देहूच्या देवळाच्या भिंतीत तुकोबांच्या घामाबरोबर जिजाबाईंचा उपवासही आहे.

गुरूपदेश व नामदेवरायांची आज्ञा

माघ शुद्ध दशमी, गुरुवार, या दिवशी महाराजांना स्वप्नात गुरूपदेश झाला. सद्गुरूंनी मस्तकी हात ठेवला, राघव चैतन्य व केशव चैतन्य अशी आपली परंपरा सांगितली, स्वतःचे नाव बाबाजी असे कळविले आणि रामकृष्णहरि हा मंत्र दिला. या स्वप्नातील एक तपशील महाराजांनी आवर्जून सांगितला आहे. गुरूंनी भोजनासाठी पावशेर तूप मागितले होते, पण स्वप्नात आपणास त्याचा विसर पडला. एवढ्या मोठ्या कृपेच्या क्षणी आपल्या हातून राहिलेली उणीव ते झाकून ठेवत नाहीत. सेवेत चूक झाली म्हणून कृपा परत घेतली गेली नाही, हाही त्यातील बोध आहे.

पुढे आणखी एक स्वप्न पडले. संत नामदेव महाराज पांडुरंगास बरोबर घेऊन आले. आपण संकल्प केलेल्या शतकोटी अभंगांपैकी राहिलेले तू पुरे कर, व्यर्थ बोलण्यात वेळ दवडू नकोस, असे त्यांनी सांगितले. विठ्ठलाने थापटून सावध केले, असे महाराजांचे वर्णन आहे. झोपलेल्या मुलाला आईने उठवावे तशी ही हाक होती.

येथे पुन्हा सबब सांगण्यास जागा होती. आपण पंडित नाही, संस्कृत येत नाही, काव्यशास्त्र शिकलेलो नाही. महाराजांनी हे सर्व मान्य केले, पण ते देवापुढे नकार म्हणून ठेवले नाही. बोलणारा आपण नसून विठ्ठल आहे, आपण केवळ त्याचे शब्द पोहोचविणारे, अशी भूमिका घेऊन त्यांनी रचनेस आरंभ केला. आपल्या अंगी सामर्थ्य नाही हेच ज्याला मान्य आहे, त्याला सामर्थ्य नसल्याची भीती कशी उरेल?

निषेध, भय आणि तेरा दिवस

अभंग लोकांच्या मुखी बसू लागले. चाकणचे संताजी जगनाडे, कडूसचे गंगाराम मवाळ अशी मंडळी ते उतरून घेऊ लागली. लोहगावास महाराजांची कीर्तने होऊ लागली. कीर्तीबरोबर विरोधही आला. देहूतील मंबाजी गोसावी यांनी काट्यांच्या फोकाने महाराजांना मारले आणि तरीही त्या रात्री कीर्तनास मंबाजी दिसत नाहीत म्हणून महाराज स्वतः त्यांना बोलावण्यास गेले, असे महिपतींनी लिहिले आहे.

याहून मोठा आघात वाघोलीचे विद्वान रामेश्वर भट यांच्याकडून झाला. शूद्राने प्राकृत भाषेतून वेदांचा अर्थ सांगणे त्यांना धर्माविरुद्ध वाटले. अभंगांच्या वह्या पाण्यात बुडवाव्यात, असा निर्णय परंपरेनुसार त्यांनी दिला. गावचा अधिकारीही महाराजांवर रुष्ट झाला. या काळातील त्यांची अवस्था त्यांच्या अभंगांतून दिसते. पाटील कोपला, गावचे लोक फिरले, आता काय खावे, कोठे जावे, कोणाच्या बळावर गावात राहावे, भीक तरी कोण घालील, असे प्रश्न ते विचारतात.

संत म्हणजे ज्याला भय नाही असा पुरुष, अशी आपली समजूत असते. महाराजांच्या शब्दांवरून तसे दिसत नाही. त्यांना भय वाटले, मन दुखावले, आणि ते त्यांनी लिहून ठेवले. वह्या इंद्रायणीत गेल्या. पूर्वी त्याच नदीत कर्जखते स्वहस्ते सोडताना मन हलके झाले असेल, आता आयुष्याची सेवाच पाण्यात गेली. हाक खरी होती की भ्रम होता, हाच प्रश्न समोर उभा राहिला.

महाराज नदीकाठी शिळेवर धरणे धरून बसले. अन्नपाणी वर्ज्य केले. तेरा दिवस असे गेले. त्यानंतर वह्या पाण्यातून सुरक्षित वर आल्या, अशी संप्रदायाची दृढ श्रद्धा आहे. महाराजांच्या समकालीन संत बहिणाबाई यांनीही तेरा दिवस पाण्यात राहून वाचलेल्या वह्यांचा उल्लेख केला आहे. महाराज स्वतः एवढेच सांगतात की वह्या बुडविल्या, धरणे बसलो आणि नारायणाने समाधान केले.

समाधानानंतर त्यांनी जे अभंग रचले त्यांत विजयाचा लवलेश नाही. लोकांच्या बोलण्यासाठी आपण आपले चित्त बिघडवून घेतले, देवाचा अंत पाहिला आणि त्याला शीण दिला, याचेच त्यांना वाईट वाटले. वह्या तरल्या याच्या आनंदापेक्षा, लोकनिंदेला आपण इतके महत्त्व दिले याची खंत त्यांना अधिक होती. दिवाळ्याच्या दिवसांत सुरू झालेला लाजेशी झगडा येथे संपला.

रामेश्वर भटांच्या अंगाचा दाह तुकोबांच्या कृपेने शमला आणि ते महाराजांचे शिष्य झाले, असे परंपरा सांगते. तुकारामांची जी आरती आज घरोघरी म्हटली जाते, ती याच रामेश्वर भटांची आहे. ज्याची भीती वाटावी तोच पुढे आरती ओवाळतो, हे त्या क्षणी शिळेवर बसलेल्या माणसास कसे कळावे? त्याला केवळ बसून राहायचे असते.

हाक पुढे जाते

एकाने दिलेली ओ दुसऱ्याच्या कानी हाक होऊन पडते. बहिणाबाई या ब्राह्मण कुटुंबातील स्त्री. कोल्हापूर येथे जयराम स्वामींच्या कीर्तनातून त्यांनी तुकोबांचे अभंग ऐकले आणि ध्यास घेतला. पतीचा कडवा विरोध होता, मारहाणही झाली. शूद्रास गुरू कसे करावे, हा समाजाचा प्रश्न होता. बहिणाबाईंना स्वप्नात तुकोबांचा अनुग्रह झाला, पुढे पतीचेही मन पालटले आणि ते कुटुंब देहूस येऊन राहिले. इ.स. 1700 मध्ये देह ठेवीपर्यंत त्यांनी ती निष्ठा सांभाळली.

शके 1571 च्या फाल्गुन वद्य द्वितीयेस, म्हणजे इ.स. 1650 मध्ये, महाराजांचे वैकुंठगमन झाले. हीच तुकाराम बीज. त्या समयी वय अवघे बेचाळिशीच्या आत होते. सर्व अडचणी संपल्यावर आरंभ करू, असे त्यांनी ठरविले असते तर आरंभ कधी झाला असता, याचा विचार करावा.

धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी इ.स. 1685 मध्ये तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून पंढरीच्या वारीस सोहळ्याचे रूप दिले. आजही ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून पालखीचे प्रस्थान होते आणि लक्षावधी वारकरी त्या मार्गाने चालतात. ज्या वह्या पाण्यात गेल्या होत्या, त्यांतील अभंगांची गाथा इ.स. 1869 ते 1873 या काळात मुंबई सरकारच्या आर्थिक साहाय्याने छापली गेली. साडेचार हजारांहून अधिक अभंग आज घरोघरी आहेत. देहूस जाणाऱ्या भाविकांनी विठ्ठल मंदिर, शिळामंदिर, इंद्रायणीकाठचे गाथा मंदिर आणि जवळचा भंडारा डोंगर ही स्थाने अवश्य पाहावीत. शिळेपुढे उभे राहिल्यावर तेरा दिवसांचा अर्थ अधिक उमजतो.

भाविकांस विनंती

आपणापैकी प्रत्येकास कधी ना कधी देवाची हाक येते. ती बहुधा लहानच असते. रोज थोडे नाम घ्यावे, गावातील पडके देऊळ सावरावे, रुसलेल्या भावाशी बोलावे, येणे बाकी असलेल्या गरिबास सूट द्यावी, भजनात मागे उभे राहून टाळी वाजवावी. अशा वेळी आपली अडचण खोटी आहे असे स्वतःस सांगण्याची गरज नाही. ती खरीच असेल. तुकोबांचीही खरी होती. ती तशीच सोबत घेऊन पहिले पाऊल टाकता येते, एवढेच हे चरित्र सांगते.

संस्थानच्या कार्यात द्रव्यरूपाने साहाय्य करणाऱ्या दात्यांचे आम्ही ऋणी आहोत. ज्यांस ते शक्य नाही त्यांनी मनात संकोच बाळगू नये. अन्नछत्रात वाढणे, मंडप झाडणे, दर्शनरांगेत वृद्धांस हात देणे, एकादशीच्या भजनात ध्रुपद धरणे, ही सेवादेखील श्रींच्या दरबारी रुजू होते. तिची पावती कार्यालयातून मिळत नाही, पण देहूच्या देवळाचा जीर्णोद्धार अशाच सेवेने झाला, याचे स्मरण असावे.

परतीचा प्रवास सुखरूप होवो, ही श्रीचरणी प्रार्थना.

रामकृष्णहरि.

सचिव, संस्थान कार्यालय